इटलीचा बचाव आणि रेवताचं झाड

समस्त वाचकांस, आणि फुटबॉलशी काडीचाही संबंध नसलेल्या वाचकांस तर विशेषच, अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, युरोपातल्या भल्याभल्या संघांना वर्षानुवर्षं न फुटलेला इटालियन बचाव गेल्या साली, भर दुपारी, चिचगडच्या जंगलपट्ट्यातल्या एका गावात, गुरांच्या आखरावर, एका सुटलेल्या बुटाच्या तळव्यामुळे फुटला. घटनास्थळी रेफरी, मुख्याध्यापक, सरपंचबाई, अर्धं गाव आणि चौदा म्हशी हजर होत्या. जीवितहानी नाही. घटनेस जबाबदार इसम प्रस्तुत लेखाचा लेखक असून तो अद्याप नोकरीत आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.

आता इसमाची ओळख करून देतो. मी पटले. चिचगडपासून आत, मोटारसायकलनं अर्ध्या तासावरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं पी.टी.चा मास्तर आहे. पी.टी.चा मास्तर म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला नीट ठाऊक नसतं. त्याला वाटतं, हा माणूस शिट्टी वाजवतो. शिट्टी मी दिवसातून फार तर वीस मिनिटं वाजवतो. उरलेल्या वेळात गणिताचे सर रजेवर असले की गणिताचा वर्ग सांभाळतो, पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी तपासतो, निवडणुकीत पेट्या वाहतो, आणि पाहुणे आले की खुर्च्या मोजतो. बॉलमध्ये हवा भरायची सुई थुंकीनं ओली केल्याशिवाय आत घालू नये, नाहीतर ब्लॅडर फाटतं, हे ज्ञान शाळेत फक्त माझ्याकडे आहे. मैदानाच्या रेषांना चुना पुरत नाही तेव्हा त्यात राख मिसळतो. गोलची जाळी आमच्याकडे ढिवरांच्या जुन्या मासेमारीच्या जाळ्यांची आहे. तिला पावसाळ्यात असा वास सुटतो की गोल मारायला आलेली समोरची पोरगी चार पावलं आधीच नाक धरते. हा आमचा पहिला बचाव.

दुसरा बचाव इटलीचा.

त्या साहेबाचं नाव मी इथं देत नाही. कारण मी ते तीसेक वर्षं चुकीचं उच्चारत आलोय हे मला अलीकडे मोबाईलवर कळलं, आणि आता बरोबर उच्चारायची लाज वाटते. तो इटलीतला फुटबॉल मॅनेजर. मॅनेजर म्हणजे बँकेतला नव्हे. संघ निवडणारा, शिकवणारा, सामना सुरू असताना कोट घालून रेषेवर उभा राहणारा आणि हरल्यावर ज्याला काढतात तो. नागपूरला शिकत असताना होस्टेलच्या रद्दीत एका क्रीडा मासिकाचं पान मला सापडलं होतं. त्यावर त्याचा फोटो होता. खिशात हात घातलेले, कपाळाला आठ्या, पाऊस पडतोय आणि त्याला पत्ता नाही. खेळाडू म्हणून तो साधाच होता. लहान गावांतल्या लहान संघांपासून त्यानं सुरुवात केली, कितीदा तरी त्याला कामावरून काढलं, आणि कितीदा तरी तो परत येऊन कप घेऊन गेला. त्याचे संघ गोल फार मारत नसत. खातच नसत. लोक म्हणायचे, हा माणूस खेळ कंटाळवाणा करतो. मग तेच लोक त्याची नक्कल करू लागले. आता त्याचे चेले जगभर मॅनेजर झालेत आणि त्याच्या वारशावर टीव्हीवर कोटवाले लोक तास तास बोलतात.

मी ते पान काचेत घालून शाळेच्या खेळाच्या खोलीत लावलं. आमच्या शिपायानं पहिल्याच दोन ऑक्टोबरला इतर थोर पुरुषांबरोबर त्यालाही झेंडूचा हार घातला. मी म्हटलं, "अरे, तो जिवंत आहे." शिपाई हार काढायला खुर्चीवर चढला आणि वरूनच म्हणाला, "मंग तसं लिहून ठेवा ना जी खाली. मले काय मालूम."

साहेबाला कामावरून काढल्याची बातमी आली की मला जेवण जात नसे. बायको म्हणायची, "त्याले काढलं तं तुमी काऊन उपाशी राहून राहिले? तुमाले तं कोनी काढत बी नाही." हे खरं होतं. पी.टी.च्या मास्तराला कोणी काढत नाही, कारण त्याच्या जागेवर कोणाचा डोळा नसतो.

तर या साहेबाची विद्या चिचगडच्या पोरींना शिकवायची, असं मी चार वर्षांपूर्वी ठरवलं. पोरींनाच का? कारण शाळेच्या मैदानावर पोरांचं क्रिकेट चालायचं, आणि फुटबॉल खेळायची इच्छा फक्त नववी ते बारावीच्या तेरा पोरींना होती. त्यांना जागा नव्हती. गावाच्या कडेला आखर होतं. आखर म्हणजे चरायला नेण्याआधी सकाळी गावची गुरं जिथं गोळा होतात ती मोकळी जागा. गुरं आठला रानात गेली की संध्याकाळपर्यंत तिथं कोणी नसे. आम्ही बांबूचे गोल रोवले आणि सुरू केलं.

विद्या थोडक्यात सांगतो. फुटबॉलमध्ये बचाव करायच्या दोन रीती. एक, समोरच्या एकेका खेळाडूमागे आपला एकेक माणूस लावून द्यायचा. ती जाईल तिथं ही जाईल. दुसरी, माणूस सोडून जागा राखायची. मैदानाचे तुकडे पाडायचे, प्रत्येकीला एक तुकडा. त्या तुकड्यात बॉल आला की तो तिचा, बाहेर गेला की दुसरीचा. साहेब या दुसऱ्या रीतीचा बादशहा.

मी फळा आखरावर नेला, चौकोन काढले, बाण काढले. तासभर बोललो. मग बॉल टाकला. तेराच्या तेरा पोरी बॉलच्या मागे, दाणे टाकल्यावर कोंबड्या धावतात तशा. गोलकीपरसुद्धा.

रेवता मडावी म्हणून एक होती. पाय पातळ, तोंड फार. ती म्हणाली, "सर, बॉल तिकडं हाय अन् तुमी आमाले इकडं उभं करून राहिले. काऊन जी?"

"तो तिकडून इकडे येईल म्हणून."

"मंग आमीच तिकडं गेलो तं?"

"मग तो इकडे आल्यावर इकडे कोण?"

रेवतानं जरा विचार केला. "तुमच्या इटलीच्या साहेबाले बॉलची भीती वाटते का जी?"

जानकी कुंभरे हसली नाही. ती कप्तान, बचावाच्या मधोमध उभी राहणारी. दिवसात दहा वाक्यं बोलायची, त्यातली सहा "हो जी". तिनं एवढंच विचारलं, "जागा कोनाची कोनती, हे कसं ओळखाचं?"

प्रश्न बरोबर होता. चुना टाकून तुकडे पाडावेत तर गुरं सकाळी रेषा पुसून टाकायची. दगड ठेवावेत तर पोरी त्यावर ठेचकाळायच्या. सहा महिने मी घसा फोडला. साहेबाच्या हाताखाली करोडोंचे खेळाडू होते आणि दुभाषीही होते. माझ्याकडे शिट्टी.

मग चैत्र आला. चैत्रात आमच्या शाळेची हजेरी निम्मी होते, कारण पहाटेपासून मोहफुलं पडू लागतात आणि घरंच्या घरं टोपल्या घेऊन रानात जातात. मुख्याध्यापक म्हणाले, "पटले, तुमच्या फुटबॉलवाल्या पोरी घेऊन या, परीक्षा आहे." मी मोटारसायकल नाल्याशी लावली आणि वासाच्या मागानं आत गेलो.

रेवता एका मोहाखाली बसून वेचत होती. झाडाखालची जमीन अशी साफ, की आमच्या वर्गाची फरशी तशी कधी झाली नाही. ही मंडळी आधीच पालापाचोळा झाडून, जाळून घेतात, म्हणजे पडलेलं फूल दिसतं. दहा पावलांवर दुसरा मोह होता. त्याखालीही फुलांचा सडा, आणि माणूस कोणी नाही. मी सहज वाकलो आणि एक फूल उचललं.

"ठेवा जी सर ते," रेवता म्हणाली. "ते कुंभऱ्याचं झाड हाय."

"एक तर फूल आहे. आणि इथं कोण पाहून राहिलं?"

"कोनी नाही पाहून राहिलं. म्हनून तं ठेवा."

मी ठेवलं. ती म्हणाली, "तिथं नाही, जरा इकडं होतं."

मी ते फूल दोन बोटं सरकवलं आणि तसाच ओणवा राहिलो. रानात शेकडो मोह. एकाला कुंपण नाही, पाटी नाही, सातबाऱ्यावर बहुतेकांचं नाव नाही. पण कोणतं झाड कोणाच्या घरचं हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक. आजोबांनी साफ केलं, बापानं साफ केलं, आता पोरगी करते, म्हणून ते त्यांचं. त्याखाली पडलेलं फूल उन्हानं वाळून गेलं तरी दुसरा हात लावत नाही. आणि मी मूर्ख माणूस या लोकांना जागा राखणं म्हणजे काय, ते फळ्यावर बाण काढून शिकवत होतो.

त्याच संध्याकाळी आखरावर मी फळा उलटा करून त्यावर बसलो. म्हटलं, "हे मैदान नाही. हे रान आहे. गोलच्या समोरचा तुकडा म्हणजे जानकीचं झाड. उजवीकडचा रेवताचं झाड. त्याच्या पुढं नाल्यावरचा मोह, डावीकडं वाकडा मोह. बॉल म्हणजे फूल. ज्याच्या झाडाखाली पडलं त्यानं उचलायचं."

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. रेवता म्हणाली, "एवढंच होतं? मंग सहा महिने कायले ओरडून राहिले होते जी?"

दोन दिवसांत झालं. साहेबाला जे बसवायला अख्खा हंगाम लागत असेल, ते चिचगडला दोन दिवसांत. पोरी आपापल्या झाडाखाली अशा उभ्या राहायच्या की समोरच्या संघाला वाट सापडेना. बॉल सीमेवरून आत आला की ती तयार. दुसरीच्या तुकड्यात गेला की पहिली निवांत, कमरेवर हात. आरडाओरड नाही, धडकाधडकी नाही. पोरी बदलत गेल्या, बारावी होऊन काही गेल्या, नव्या आल्या. जानकी आणि रेवता तेव्हा नववीतून हट्टानं आलेल्या, त्या टिकल्या. झाडं तीच राहिली. गेल्या पावसाळ्यात आम्ही आजूबाजूच्या शाळांशी जेवढे सामने खेळलो, त्यात एकही गोल खाल्ला नाही. मी रात्री झोपताना फोटोतल्या साहेबाला उद्देशून मनातल्या मनात भाषणं द्यायचो. त्यांत मी त्याला काही बारीकसारीक सूचनाही करायचो.

माणूस सूचना करायला लागला की समजावं, तो आता पडणार.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या भागातल्या शाळांच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, आणि सामना आमच्याच आखरावर ठरला. त्याच आठवड्यात धान खरेदी केंद्राचा ग्रेडर टेप घेऊन आखर मोजायला आला. ग्रेडर म्हणजे धानाचा ओलावा बघून माल पास करणारा माणूस. हंगामात त्याच्यापुढे अख्खा तालुका हात जोडून उभा असतो, त्यामुळे त्याला कोणाला काही विचारायची सवय नसते. गोदाम भरलं होतं. खरेदी झालेल्या धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, उघड्यावर रचायला त्याला सपाट जागा हवी होती. आमच्याइतकी सपाट जागा पंचक्रोशीत नव्हती. असणार कशी? पोरींनी एकेक गोटा वेचून ती सपाट केली होती. आणि एकदा कट्टे बसले की ते पुढच्या पावसापर्यंत हलत नाहीत. ट्रकनं जमिनीचं काय होतं ते वेगळंच.

सरपंच शेवंताबाई. पन्नाशीच्या, नववारी, आवाज असा की माईक बंद पडला तरी सभा चालू राहते. पोरी त्यांच्याकडे गेल्या, मी मागे. बाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाल्या, "हे पाहा पोरीहो. गावाले धान बी लागते अन् नाव बी लागते. कप आनला तं आखर तुमचं, मी ग्रामसभेत तसा ठराव घेतो. नाही आनला तं कट्टे पडतील. मंग मायाकडं रडत याचं नाही."

"हो जी," जानकी म्हणाली.

बाहेर आल्यावर रेवता म्हणाली, "हो जी काऊन म्हनली वो तू? हरलो तं खेळाचं कोठी? पोरं तं मैदान देत नाही."

"हराचं कायले?" जानकी म्हणाली. त्या दिवसाचं तिचं ते शेवटचं वाक्य असावं.

समोर कोहमाऱ्याकडचा संघ. हायवेच्या नाक्यावरच्या पोरी, ढाब्यांच्या आणि ट्रकांच्या गर्दीत वाढलेल्या, अंगानं दणकट. त्यांचे कोच रहांगडाले सर माझे जुने दोस्त. गोंदिया शहरात राहून हिंदीच बोलतात. सामन्याआधी म्हणाले, "पटले, तेरी लड़कियाँ दौड़ती क्यों नहीं? खड़ी रहती हैं पुलिस जैसी."

मी म्हटलं, "इटलीची पद्धत आहे."

"अच्छा," ते म्हणाले. "हमारी कोहमारा की है."

पहिल्या अर्ध्यात आमच्या पुढच्या पोरीनं एक गोल मारला. त्या गोलमध्ये तिच्यापेक्षा जाळीच्या वासाचा वाटा मोठा असावा, पण गोल तो गोल. आम्ही एक, ते शून्य. गाव आनंदात. मुख्याध्यापकांनी कपाला आधीच हळदकुंकू लावून ठेवलं. दुसऱ्या अर्ध्यात कोहमाऱ्याच्या पोरी लाटेसारख्या येत राहिल्या आणि झाडाझाडावर आपटून परत जात राहिल्या. मी रेषेवर खिशात हात घालून उभा होतो. कपाळाला आठ्या घालून पाहिल्या. जमलं.

संपायला बारा-पंधरा मिनिटं असतील. रेवताच्या उजव्या बुटाचा तळवा टाचेपर्यंत सुटला. आमचे बूट अकराच जोड, तीन बॅचांनी वापरलेले; बाहेर येणारी आपला जोड आत जाणारीला काढून देते. ती रेफरीला सांगून रेषेबाहेर आली आणि सुतळीनं तळवा बांधायला बसली. दोन्ही बदली खेळाडू मी आधीच वापरून टाकल्या होत्या. खेळ सुरू राहिला.

आणि बॉल आला. कोणी मोठ्या ताकदीनं मारलेला वगैरे नाही. कोणाच्या तरी नडगीला लागून, टप्पे खात, सावकाश येऊन तो रेवताच्या तुकड्यात थांबला. जानकीपासून चार पावलांवर. कोहमाऱ्याची पोरगी अजून वीस पावलं दूर.

जानकीनं बॉलकडे पाहिलं. मग रेषेबाहेर सुतळी बांधणाऱ्या रेवताकडे पाहिलं. मग ती आपल्या जागी, कमरेवर हात ठेवून, उभी राहिली.

वाकड्या मोहाच्या पोरीनंही पाहिलं. गोलकीपरनंही पाहिलं. कोणी हललं नाही. सगळ्या त्या बॉलकडे अशा अदबीनं बघत होत्या की मला क्षणभर वाटलं, आता कोहमाऱ्याची पोरगीसुद्धा थांबेल. तीही जराशी थबकली, खरं सांगतो. तिला वाटलं असावं की यात काहीतरी डाव आहे. मग तिनं बॉल घेतला, सरळ पुढे गेली आणि गोल मारला.

मी मैदानात धावत गेलो. मास्तरानं तसं जायचं नसतं. सगळ्या गावासमोर मी जानकीवर ओरडलो, "डोकं आहे का तुला? चार पावलं होती. उचलायचा ना बॉल."

जानकी शांतपणे म्हणाली, "रेवताच्या झाडाखाली होता जी. ती बाहेर गेली होती. तिच्या मांगं कसा उचलू?"

मी कडेला बसलेल्या बायांकडे पाहिलं, म्हटलं कोणी तरी हसेल. कोणी हसत नव्हतं. जानकीची आई मान हलवून शेजारणीला म्हणत होती, "बरोबर तं हाय." शेजारीण म्हणाली, "सरच तं शिकवून राहिले होते."

वाचकहो, चूक कोणाची होती ते सांगतो. साहेबाच्या विद्येत याचं उत्तर आहे, आणि मला ते पाठ होतं. शेजारची जागा रिकामी झाली की सगळ्यांनी थोडं थोडं सरकून ती झाकायची. त्याचा अर्धा मोठेपणा त्या सरकण्यात आहे. मी ते शिकवलंच नव्हतं. कारण आमची एकही पोरगी आपलं झाड सोडून कधी गेलीच नव्हती. साहेबाच्या पोरांना मोह माहीत नसल्यानं त्यांना सरकायला सांगणं सोपं होतं. मी मात्र पोरींना अशा गोष्टीची शपथ घातली होती, जी त्यांच्या घरात माझ्या फळ्याच्या कितीतरी आधीपासून पाळली जाते. त्या दिवशी मी जानकीला सर्वांसमोर जे बोललो, ते मला अजून खुपतं. तिनं माझं ऐकलं होतं, एवढाच तिचा गुन्हा.

रेवता सुतळी हातात घेऊन रडत होती. बूट गेलाच होता, सुतळीतूनही तळवा निसटत होता. रेफरीनं अनवाणी खेळू देणार नाही म्हणून सांगितलं. म्हणजे उरलेला वेळ दहाजणी, आणि रेवताच्या झाडाखाली कोणी नाही. ते झाड आता कोहमाऱ्याच्या पोरींनाही कळलं होतं.

मी जानकीला विचारलं, "दुसऱ्या घरचं कोणी आजारी पडलं तर त्याच्या झाडाचं काय करता तुम्ही?"

"तो सांगते ना. माह्या झाडाचं उचलून ठेव म्हनते. मंग उचलतो आमी."

"तो सांगेपर्यंत नाही?"

"नाही जी."

मी रेवताकडे गेलो. "रडू नको. रेषेवर उभी राहा. बॉल तुझ्या झाडाखाली पडला की मोठ्यानं सांग."

रेवतानं नाक पुसलं. मग जी काय दहा मिनिटं झाली, तशी फुटबॉलच्या इतिहासात झाली नसतील. एक बूट हातात घेऊन रेवता रेषेच्या कडेनं मागंपुढं धावतेय आणि ओरडतेय, "उचल वो जानके, माह्या झाडाचं उचल." आणि जानकी परवानगी मिळाल्याबरोबर चित्त्यासारखी जाऊन बॉल उडवून देतेय. एकदा रेवताचा आवाज बसला तर जानकी बॉलशी पोचून पाय वर करून थांबली, मान वळवून वाट पाहत. रेवतानं हातानं खूण केली, तेव्हा मारला.

रहांगडाले सर रेफरीकडे गेले. "रेफरी साहब, ये बाहर की लड़की अंदर हुकुम दे रही है."

रेफरीनं रेवताला विचारलं, "काय सांगून राहिली तू?"

"परवानगी देऊन राहिली जी."

रेफरीनं खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं, दोन पानं उलटली आणि परत ठेवलं. "परवानगीबद्दल यात काही नाही," तो म्हणाला, आणि शिट्टी वाजवली.

आम्ही दुसरा गोल खाल्ला नाही. मारताही आला नाही. बरोबरी झाली म्हणून पेनल्टी. पेनल्टीत एकटी गोलकीपर आणि एकटी मारणारी. तिथं कोणाचं झाड कुठं, काही ठरवता येत नाही. आम्ही हरलो. हळदकुंकू लावलेला कप कोहमाऱ्याला गेला. रहांगडाले सरांनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

दोन दिवसांनी ग्रामसभा. समाजमंदिरात सतरंजीवर गाव, खुर्चीवर शेवंताबाई, दुसऱ्या खुर्चीवर ग्रेडर, मांडीवर टेप. तेरा पोरी भिंतीला टेकून. पोरींना जाऊ नका म्हणून मी सांगितलं होतं. जानकी म्हणाली, "शब्द दिला होता तं ऐकाले जावंच लागते."

शेवंताबाईंनी घसा साफ केला. "तं कप नाही आला. शब्द होता तसा होता. कट्टे ठेवाले..."

"थांबा जी बाई," मागून कोणी तरी म्हणालं. बिरजू आजा. वय सत्तर-पंच्याहत्तर, ग्रामसभेत दरवेळी येऊन झोपणारे. सामना मात्र त्यांनी पहिल्यापासून जागून पाहिला होता. ते हळूच उठले.

"आखरातले गोटे कोनं वेचले?"

सतरंजीवरच्या माना भिंतीला टेकलेल्या पोरींकडे वळल्या.

"शेन रोज सकाळी कोन उचलते? पाऊस झाल्यावर गड्डे कोनं बुजवले?"

"पोरीयनं," बायांतून आवाज आला.

"किती साल झाले?"

"चार."

"चार साल साफ करून राहिल्या, अन् या गावातल्या एका मानसानं बी हे माहं हाय म्हनून हरकत घेतली का?" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "रानात असं झालं तं ते कोनाचं समजतो आपन?"

समाजमंदिरात कुजबूज झाली, मग थांबली. शेवंताबाई पदराशी चाळा करू लागल्या. त्यांचं माहेर दरेकशाकडचं, मोहाच्या रानातलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं.

आजा म्हणाले, "त्या पोरीनं कप जाऊ देला, पन दुसऱ्याच्या झाडाले न विचारता हात नाही लावला. आपन अख्खं गाव मिळून लावतो का आता?" आणि ते खाली बसले. थोड्या वेळानं, सवयीप्रमाणे, डुलकी घेऊ लागले.

शेवंताबाईंनी सचिवाकडे पाहिलं. "कपाची अट मीच टाकली होती," त्या म्हणाल्या. "मीच काढून राहिली. लिहा. आखर पोरीयचं." सचिवानं लिहिलं. पोरी एकमेकींकडे बघत होत्या, हसावं की रडावं ते ठरेना. मी खुर्च्या मोजल्या. दोनच होत्या.

ग्रेडरनं टेप अर्धी उघडली होती, तीच हातात लोंबत होती. त्यानं सरपंचबाईंकडे पाहिलं, आज्याकडे पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या तेरा पोरींकडे, आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हनजे आता मी या पोरीयले अर्ज करू का?"